मावळ्याच्या तळाशी

मातीचा मावळा उलटा करून पाहा. तळाला भोक असतं, कडेने साच्याची शिवण गेलेली असते, बोटांना थोडा गेरू लागतो. नाव कुठेच नसतं.

आता एखाद्या शाळकरी मुलीच्या दप्तराला लटकणारा लाबूबू हातात घ्या. लांब कान, नऊ दात, खट्याळ हसू. खरा असेल तर त्याच्या तळपायावर पॉप मार्ट या चिनी कंपनीची खूण उमटवलेली असते आणि तो कासिंग लुंग या चित्रकाराचा म्हणून ओळखला जातो. पुण्यात तुळशीबागेत मिळणाऱ्या स्वस्त नकलेत ती खूण नसते, नाही तर वाकडी असते. आठ वर्षांच्या माझ्या भाचीला हे पक्कं ठाऊक आहे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मावळे आणायला आम्ही दोघी कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलो, तेव्हा तिने सवयीनेच एक तोफवाला उलटा केला आणि विचारलं, "आत्या, हा कोणी बनवलाय?"

मला उत्तर देता आलं नाही.

तिची ती सवय मला वाईट वाटत नाही. डिझायनर टॉय म्हटलं की महागडं खेळणं असा समज होतो, पण त्याची खरी ओळख किमतीत नाही. एका माणसाने स्वतःच्या कल्पनेतून घडवलेलं, बहुधा मोजक्याच संख्येत काढलेलं आणि त्याच्या नावाने ओळखलं जाणारं ते खेळणं. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या मायकेल लाऊने जी. आय. जो या अमेरिकन सैनिक बाहुल्याची बारा इंची शरीरं घेतली, गणवेश उतरवले आणि स्वतःच्या 'गार्डनर' या चित्रमालिकेतली, स्केटबोर्ड घेऊन हिंडणारी पोरं त्यांतून उभी केली. त्याच वर्षी टोकियोत 'कम्पॅनियन' हा बाहुला आला. मिकी माऊससारखे हातमोजे, पण डोळ्यांच्या जागी फुल्या. त्याचा कर्ता ब्रायन डॉनेली हा अमेरिकेतला, रस्त्यावरच्या चित्रकलेत वाढलेला चित्रकार. बसथांब्यावरच्या जाहिराती काढून न्यायच्या, त्यांवर रंगकाम करायचं आणि परत जागच्या जागी लावायच्या, हा त्याचा जुना उद्योग. भिंतीवर तो 'कॉज' अशी चार अक्षरी इंग्रजी सही करायचा आणि जग त्याला आज त्याच नावाने ओळखतं. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात त्याचं एक चित्र सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलरला गेलं. कासिंग लुंग हाँगकाँगमध्ये जन्मला, नेदरलँड्समध्ये वाढला. उत्तर युरोपातल्या लोककथांमधल्या भुताखेतांवरून त्याने २०१५ मध्ये 'द मॉन्स्टर्स' ही चित्रकथा केली, तिच्यातला लाबूबू २०१९ पासून पॉप मार्टच्या खोक्यांत गेला.

बंद खोक्यात कोणता निघेल ते माहीत नाही म्हणून एकाऐवजी पाच घ्यायचे, हा धंदा मला पटत नाही. लहान मुलांना लॉटरीची गोडी लावणं वाईटच. पण त्या रागात चित्रकाराचं श्रेय नाकारू नये.

भिंतीवरची कलाही मुळात नावापासूनच सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये निरोप पोचवण्याचं काम करणारा एक पोरगा जिथे जाईल तिथे 'टाकी १८३' लिहायचा. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. जुलै १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याच्यावर बातमी केली आणि शेकडो मुलांनी रंगाचे डबे उचलले. ज्यांना शहरात कोणी विचारत नव्हतं, त्यांनी स्वतःचं नाव शहराला वाचायला लावलं. पुढे त्या अक्षरांना रंग चढले, चेहरे आले, आणि त्यांतले काही चेहरे भिंतीवरून उतरून खेळणी झाले.

पुण्यात याच्या तोडीचं काय आहे असं कोणी विचारलं, तर मी वाड्याच्या अंगणाकडे बोट दाखवते. सहामाही परीक्षा संपली की विटा, दगड, फुटके डबे गोळा व्हायचे. त्यांच्यावर गोणपाट, गोणपाटावर चाळलेल्या मातीचा चिखल. कोपरापर्यंत हात बरबटल्याशिवाय बुरूज उभा राहत नसे. मग हळीव पेरायचे, सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडायचं आणि भाऊबीजेपर्यंत डोंगर हिरवा करायचा. महाराज सिंहासनावर, तोफा तटावर, मावळे चढणीला. पायथ्याशी गवळण, भाजीवाली, गुहेच्या तोंडाशी वाघ. आमच्या वाड्यात कोणीतरी दरवर्षी माचीवर प्लास्टिकचं हेलिकॉप्टर ठेवायचं. मोठी माणसं म्हणायची, काढा ते, शिवकाळात कुठलं हेलिकॉप्टर? मुलं काढत नसत. आज मला वाटतं, मुलांचं बरोबर होतं. आपल्याला जे जे आवडतं ते शेजारी शेजारी मांडायचं आणि त्यातून आपली नवी गोष्ट रचायची, हेच तर लाऊने केलं. सैनिकाच्या अंगावर स्केटबोर्डवाल्याचे कपडे काय आणि राजगडाच्या माचीवर हेलिकॉप्टर काय, दोन्हीमागे तीच मोकळी बुद्धी आहे.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. अंगणातला किल्ला कोणत्याच यादीत येणार नाही, तो दिवाळी सरली की मोडतो. मावळे मात्र राहतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. पुण्यातल्या कितीतरी घरांत असा डबा आहे आणि तो खरोखरीचा संग्रह आहे. माझ्या डब्यातल्या एका भालदाराचा भाला चाळीस वर्षांपूर्वी मोडला, तिथे माझ्या वडिलांनी उदबत्तीची काडी बसवली. ती अजून आहे.

कुंभारवाड्यातल्या मावशींना मी भाचीचा प्रश्न विचारला. साचा त्यांच्या सासऱ्यांच्या हातचा. अंगरख्याचे रंग घरातली मुलं भरतात, पण डोळे त्या स्वतः काढतात. डोळा बिघडला की मावळा रडका दिसतो, म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, मग खाली नाव का नाही घालत? "कशाला?" एवढंच बोलून त्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

तो 'कशाला' माझ्या मनातून जात नाही. लोककलेला नाव नसतंच, सही हा पश्चिमेकडचा अहंकार, असं आपल्याकडे मोठ्या समाधानाने सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. मराठीइतकी सहीची सवय फार थोड्या भाषांना असेल. अभंग संपता संपता आपल्या संतांनी स्वतःचं नाव ओवलं. 'तुका म्हणे' उच्चारल्याशिवाय तुकोबांचा अभंग पुरा होत नाही. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंनी आपलं नाव घातलं, चोखोबांनी घातलं, आणि तेरच्या गोरोबाकाकांनीही घातलं. गोरोबाकाका कुंभार होते. त्यांच्या शब्दांवर त्यांची नाममुद्रा आहे, शतकं लोटली तरी आहे. त्यांच्या मडक्यांवर नव्हती. नामदेव-ज्ञानेश्वरांच्या मेळ्यात त्यांच्या वाणीला जागा मिळाली, हाताला मिळाली नाही. मावशींचा 'कशाला' त्या जुन्या भेदातून आलेला आहे, त्याला विनय म्हणून गौरवणं म्हणजे अन्यायाला फुलं वाहणं.

जिथे हाताला नाव मिळालं, तिथे आपल्याकडे काय झालं तेही पाहा. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि आडनावाच्या जागी धंद्याचं नाव लावून बाबुराव पेंटर झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी केली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला आणली. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. त्यांची मुखपृष्ठं लोक भिंतीवर लावत, कोपऱ्यातल्या सहीसकट. दुकानाच्या पाटीवर खाली उजवीकडे बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असायचं. फ्लेक्स आला आणि पाट्यांबरोबर ती नावंही गेली. तुळशीबाग गणपतीची १९७५ ची फायबरची मूर्ती डी. एस. खटावकरांची, हे पेठेतला जुना कार्यकर्ता अजून अभिमानाने सांगतो. आपल्याला खेळणी, भिंती, देखावे यांचं वेड मुळातच आहे. हाँगकाँगकडून ते शिकायची गरज नाही. नाव राखायला तेवढं शिकलं पाहिजे.

त्याच कसब्यात दहा-बारा वर्षांपूर्वी हर्षवर्धन कदम आणि त्याच्याबरोबरच्या चित्रकारांनी गल्लीबोळांच्या भिंती रंगवल्या. पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट हे त्या कामाचं नाव. शहराच्या सगळ्यात जुन्या पेठेत, तांबटांच्या हातोड्या ऐकू येतील अशा अंतरावर, नवी चित्रं आली. मला ती आवडली, कारण तिथे येणाऱ्याने चित्राबरोबर पेठही पाहिली. भिंतीचा चित्रकार आणि साच्याचा कुंभार इतके शेजारी दुसरीकडे क्वचितच असतील. या दोघांनी मिळून एक मावळा करावा, तोही नव्या काळाचा आणि दोघांच्या नावाने, असं मला फार मनापासून वाटतं.

नाव म्हणजे मालकी, मग कज्जे आणि हक्क, अशी भीती काहींना वाटेल. तिचं उत्तर पुण्यातच आहे. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रं यांतून शेकडो खेळणी केली, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांना शिकवली आणि सगळी फुकट वाटून टाकली. कोणीही करावीत, कोणालाही दाखवावीत. त्यांनी हक्क ठेवला नाही, तरी ती खेळणी अरविंद गुप्तांची म्हणूनच ओळखली जातात.

किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. उत्तम किल्ल्याला बक्षीस देता तसं यंदा उत्तम मावळ्यालाही द्या आणि ते साचा करणाऱ्याच्या हाती द्या. शाळांनी मुलांना खेळण्यांच्या दुकानात नेण्याआधी एकदा कुंभारवाड्यात न्यावं. आणि तुम्ही, वाचकहो, मावळे घ्यायला जाल तेव्हा घासाघीस करण्याआधी विचारा की हे कोणी केलं. उत्तर मिळालं की घरी येऊन मावळा उलटा करा आणि पेन्सिलीने ते तळाला लिहा. भाचीने तिच्या अकराही मावळ्यांवर लिहिलं आहे.