चौथी ओळ



संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिचा सण २२ नोव्हेंबरला येतो आणि त्याच सुमारास आपल्या गायनवृंदाचा नाताळच्या गीतांचा सराव सुरू होतो. ह्या दिवसांत संध्याकाळी चर्चमागच्या आळीतून गेले की तीनचार घरांतून तरी गिटार ऐकू येते. आईवडील पोटाला चिमटा घेऊन शिकवणीचे पैसे भरतात. काही मुले लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षाही देतात. आणि वर्षादोन वर्षांनी त्यांतल्या कितीतरी गिटारी कपाटावर जाऊन बसतात. असे का होते, ह्याचा आम्ही कधी फारसा विचार केला नव्हता. गेल्या महिन्यात तो करावा लागला.

रविवारच्या मिस्सानंतर एक माता कचेरीत आली. तिने खोळीसकट गिटार टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "फादर, ही चर्चला घ्या. गायनवृंदात कुणाला तरी उपयोगी पडेल. आमच्या पोराला नाही जमत." पोरगा दारातच उभा होता, इयत्ता आठवीतला. दीड वर्ष शिकवणी झाली होती. (हे सारे आम्ही दोघांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत.) आम्ही त्याला म्हटले, "द्यायची तर दे बाळा, पण त्याआधी जे येतं ते एकदा वाजव."

त्याने एक भक्तिगीत सुरू केले. तीन ओळी छान गेल्या. चौथ्या ओळीत तार खरखरली आणि तो थांबला. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पुन्हा तीन ओळी छान, पुन्हा चौथीत खरखर. असे पाच वेळा झाले.

ज्यांनी गिटार हाती धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या ओळीत एफ नावाची कॉर्ड होती. तिच्यात डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबून धरायच्या असतात आणि उरलेल्या तीन बोटांनी आणखी जागा धरायच्या असतात. तीही गिटारीच्या अगदी वरच्या टोकाशी, जिथे तारा सर्वांत ताठ असतात. शिकणारी बहुतेक मुले इथेच अडतात.

आम्ही विचारले, "इथे सर काय म्हणाले?"

"सरांना माहीत नाही, फादर."

"म्हणजे?"

"क्लासमध्ये आम्ही सहा जण असतो. ती कॉर्ड आली की मी नुसता हात हलवतो. बाकीच्यांचा आवाज असतोच."

त्याची आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिचा चेहरा पाहून आम्ही घाईघाईने म्हटले, "त्याला रागावू नका, आमचीही तीच गत आहे." हे काही तिची समजूत घालण्यासाठी म्हटले नव्हते. सेमिनरीत असताना आम्ही मित्रांचे पाहून गिटार शिकलो. एफ आम्हांला कधीच आली नाही. ती आली की आम्ही मोठ्याने गात असू. वीस वर्षे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. मागच्या वर्षी आमच्या निम्म्या वयाच्या एका तरुण शिक्षकाकडे आम्ही रीतसर शिकू लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी तो नम्रपणे म्हणाला, "फादर, तुमचा सराव कमी नाही. तुम्ही चुकीचा सराव भरपूर केला आहे."

हे वाक्य ऐकताच सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या आरंभी, तंतुवाद्य वाजवणाऱ्याचेच उदाहरण घेतो. ते वाद्य म्हणजे किथारा. आपला गिटार हा शब्द अरबी आणि स्पॅनिश भाषांतून फिरत त्याच शब्दापासून आला आहे. तो म्हणतो की वाजवून वाजवूनच माणूस चांगला वादक होतो आणि वाजवून वाजवूनच वाईटही होतो. पुढे त्याने जे म्हटले आहे ते आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते, पण ते कळले मात्र आता. असे नसते तर गुरूची गरजच उरली नसती, असे तो म्हणतो.

आपल्यालाही वाटते की रोज प्रार्थना केली की झाले, दर महिन्याला प्रायश्चित्त संस्कार घेतला की झाले. पण आपण रोज नेमके काय पक्के करीत असतो? तो मुलगा दीड वर्ष तीन ओळी पक्क्या करीत होता आणि चौथ्या ओळीला अडखळणेही पक्के करीत होता. आम्ही धर्मगुरूही पापनिवेदन करतो. इतरांचे सोडा, स्वतःविषयी सांगतो. आमचेही पहिल्या तीन ओळींचे पाढे असतात. प्रार्थनेत लक्ष नव्हते, कुणाला लागेल असे बोललो, आळस केला. चौथी ओळ आली की आवाज खाली जातो. सहा जणांत हात हलवणारा तो मुलगा आणि आम्ही ह्यांत काय फरक आहे?

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की येत्या शनिवारी सरांसमोर चौथी ओळ एकट्याने वाजव. गिटार महिनाभर तुझ्याकडेच राहू दे, मग ठरवू.

त्याने वाजवली. सरांनी त्याचा हात पाहिला, मग गिटार आडवी धरून तारा पाहिल्या. पट्टीपासून तारा प्रमाणाबाहेर उंच बसल्या होत्या. मोठ्या माणसालाही त्या दाबताना घाम फुटला असता. सरांनी त्या खाली घेऊन दिल्या. म्हणजे दीड वर्ष पोरगा ज्याला आपल्या बोटांचा दोष समजत होता, त्यातला अर्धा दोष गिटारीचाच होता. आम्ही हे ऐकून बराच वेळ गप्प होतो. किती माणसे असे एखादे ओझे वर्षानुवर्षे वाहतात! आपणच वाईट, आपल्याच नशिबात नाही, असे म्हणतात, आणि ते कुणाला दाखवतही नाहीत. दाखवले असते तर ऐकणाऱ्याने सांगितले असते की ह्यातले इतके तुझे आहे आणि इतके तुझे नाही.

जे त्याचे होते ते मात्र राहिलेच. बोटांना लागलेली सवय तारा खाली घेतल्याने जात नाही. सरांनी त्याला गीत पूर्ण वाजवायची काही दिवस बंदी केली. आधी गिटार सुरात लावायची. मग पहिले बोट पाचव्या पट्टीवर आडवे ठेवायचे, कारण तिथे तारा सहज दबतात, आणि एकेक पट्टी वर सरकत पहिलीवर यायचे. बोट थोडे कडेवर कलते ठेवायचे. एकेक तार वेगळी छेडून ऐकायची. मग सी कॉर्डवरून एफवर आणि एफवरून सीवर, एवढेच, मेट्रोनोमच्या ६० च्या संथ ठोक्यावर. रोज १५ मिनिटे. शुक्रवारी रात्री दोन तास बसून आठवड्याची भरपाई करायची नाही. ही गोष्ट आपल्या वसईच्या वाडीवाल्यांना समजावून सांगायला नको. पानवेलीला आठवड्याचे पाणी एकाच दिवशी कोण पाजतो? आणखी एक, गिटार खोळीत ठेवायची नाही. समोर दिसली तर हात जातो. (घरातल्या बायबललाही हे लागू आहे. शोकेसच्या काचेआडचे बायबल फार स्वच्छ राहते.)

एक गोष्ट आम्ही आमच्याकडून सुचवली. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या पुस्तकाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यात ते सांगतात की सगळे दोष एकदम धरू नका, एकच धरा. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा ओढा, जितक्या वेळा पडलात तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्या आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहा. त्यात रडारड नाही, छाती बडवणे नाही. नुसते ठिपके.

इथे एक सावधगिरीचा शब्द लिहिला नाही तर आमचे ईशज्ञानाचे प्राध्यापक स्वर्गातून डोळे वटारतील. संत थॉमस अक्विनस सद्गुणाला चांगली सवयच म्हणतात, परंतु श्रद्धा, आशा आणि प्रीती सरावाने कमावता येत नाहीत, त्या देव ओततो, असेही तेच सांगतात. तेव्हा ठिपके कमी झाले म्हणून आपण देवाचे लाडके झालो असे नव्हे. आधीच लाडके आहोत म्हणून तर वही उघडण्याचे धाडस होते.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात, दाविदाने मंदिराच्या सेवेसाठी नेमलेल्या २८८ गायक-वादकांची नोंद आहे. ते सगळे शिकून तयार झालेले होते. सेवेच्या पाळ्या ठरवताना लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकल्या गेल्या. आम्हांला ती जागा आवडते. आमच्या निम्म्या वयाच्या गुरूपुढे बसताना तिचा आधार वाटतो.

महिना संपला. गिटार चर्चकडे आलेली नाही. परवा तो मुलगा वही दाखवायला आला होता. पहिल्या दिवसाच्या रेघेवर १७ ठिपके होते आणि शेवटच्या रेघेवर ९. मग त्याने विचारले, "फादर, तुमची वही?" आम्ही ती त्याला दाखवली. त्यातले आकडे मात्र इथे छापत नाही.