झोपलेल्या हक्काचा धनी कोण?

एका जमिनीचे दोन धनी, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेत ती नित्याची आहे. वर नांगरणारा एक, आणि खालच्या तेलाचा, वायूचा धनी दुसराच! शेत विकताना आजोबाने खरेदीखतात खालचे धन राखून ठेवले, की तो हक्क पिढ्यान्‌पिढ्या वेगळा चालतो. आपल्याकडे १९६६ च्या जमीन महसूल संहितेने खनिजे सरकारची म्हटली, म्हणून हा तंटा सहसा आपल्या दारी येत नाही.

पण राखणारा मरतो, मुले पांगतात, कोणी खणत नाही की नोंद करीत नाही. असा हक्क किती काळ जिवंत धरावा? इंडियाना राज्याने १९७१ साली ठरविले, वीस वर्षे वापर नाही, नोंद नाही, तर तो वरच्या मालकाकडे जावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली हे पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. चार न्यायाधीशांना पटले नाही, हेही ध्यानात घ्यावे. ओहायोने २००६ साली आपला कायदा सुधारला. आधी जुन्या धन्याला किंवा वारसाला टपालाने नोटीस द्यावी, पत्ता लागत नसेल तर वर्तमानपत्रात छापावी. साठ दिवसांत वारस पुढे आला तर हक्क त्याचा.

राबणाऱ्याकडे आमचे मन झुकते, हे लपवीत नाही. पण गोम अशी, की वारसाला शोधायचे कोणी? तो सापडला नाही तर ज्याचा फायदा, त्यानेच! दिंडीत कोणाची पडशी सापडली तर आपण ओरडून विचारतो. हळूच ‘कोणाची हो?’ पुटपुटून ती खांद्याला लावली, तर ते विचारणे झाले काय?

२०२० साली ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शोध वाजवी कसोशीने हवा. एरवी त्या जिल्ह्याची सरकारी दप्तरे धुंडाळली की पुरे, क्वचित अधिकही करावे लागेल. न्यायालयाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण समजा, शेजारची म्हातारी जाणते की त्या घरची धाकटी लेक फ्लोरिडात दिली आहे, आणि दप्तरात ते नाही. तिला विचारावे की गप्प राहावे? आम्ही म्हणतो, विचारावे. लेकीला पत्र धाडावे, आणि साठ दिवस वाट पाहावी.