ठसा कुठपर्यंत वाचायचा?

जुनी जर्मन लष्करी रायफल जाणकाराच्या हातात दिली, तर तो नेम धरत नाही. तो भिंग काढतो. १९३५ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली 'काराबिनर ९८ कुर्त्स', म्हणजे संग्राहकांची लाडकी 'के-९८', ही आधी वाचायची वस्तू असते. नळीच्या मागच्या पोलादी भागावर कारखान्याची खूण आणि साल. बाजूला अनुक्रमांक. तोच क्रमांक, किंवा त्याचे शेवटचे आकडे, बोल्टवर आणि इतर सुट्या भागांवर. जागोजागी एक चिमुकला गरुड आणि त्याखाली आकडा: सैन्याच्या तपासनिसाने हा भाग पास केला, याची ती पावती. सगळे क्रमांक एकमेकांशी जुळले, तर बंदुकीची किंमत एकदम वर जाते.

यात गंमत अशी, की या खुणा मुळात लपवण्यासाठी होत्या. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधनं घातली होती. म्हणून १९३४ मध्ये ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने आपलं नाव न छापता 'एस/४२' असा संकेत छापला. पुढे महायुद्धात अक्षरी संकेत आले. 'बीवायएफ' म्हणजे माउझर, 'बीएनझेड' म्हणजे ऑस्ट्रियातली श्टायर, 'बीसीडी' म्हणजे वायमारची गुस्टलोफ. शत्रूला जे कळू नये म्हणून एवढी धडपड झाली, ते आज कुणीही हौशी माणूस फोनवर क्षणात शोधतो. 'बीसीडी ४३' बरोबर गुस्टलोफ, १९४३. झालं, उलगडलं.

खरंच उलगडलं का?

गुस्टलोफ हे नाव एका नाझी पुढाऱ्याचं. १९३६ मध्ये त्याची हत्या झाल्यावर त्याच्या नावाने हा उद्योग उभा राहिला. त्याचा पाया होता झूल गावच्या झिमसन या ज्यू कुटुंबाकडून बळकावलेला शस्त्रांचा कारखाना. ही सगळी व्यवस्था ज्याच्या हाताखाली होती, तो फ्रिट्झ झाउकेल पुढे लाखो परदेशी माणसांना जर्मनीत वेठबिगारीला आणणारा अधिकारी झाला. १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर तो फाशी गेला.

वायमारपासून काही किलोमीटरवर बुखेनवाल्ड ही छळछावणी. १९४३ मध्ये छावणीला लागूनच गुस्टलोफचा दुसरा कारखाना सुरू झाला आणि तिथे कैदी रायफलींचे भाग करू लागले. २४ ऑगस्ट १९४४ ला अमेरिकन विमानांनी त्यावर बाँब टाकले. शेकडो कैदी त्यात मेले. तिकडे श्टायरच्या रायफलींसाठी माउटहाउझनच्या गुझेन छावणीतले कैदी राबत होते.

'बीसीडी'च्या प्रत्येक बंदुकीचा प्रत्येक भाग कैद्यांनीच केला, असं नाही. एखाद्या बोल्टला नेमके कुणाचे हात लागले, हे कुठलाही ठसा सांगत नाही. माझा मुद्दा इथेच सुरू होतो. त्या पोलादावर तपासनिसाचा नंबर आहे, कारखान्याचा संकेत आहे, साल आहे. करणाऱ्याची खूण तेवढी नाही. कैद्यालाही छावणीने नंबरच दिला होता, पण तो बंदुकीवर कोरावा एवढी त्याची किंमत नव्हती. मुद्दाम खोट ठेवताना सापडला, तर त्याला मरण होतं. मग तो स्वच्छ, ठसठशीत गरुड नेमकं काय सांगतो? भाग निर्दोष आहे, एवढंच. तो ज्या परिस्थितीत निर्दोष झाला, तिच्याबद्दल गरुड गप्प आहे.

यावर संग्राहक म्हणतील, वस्तूला पाप नसतं. बरोबर आहे. लोखंडाने गुन्हा केला नाही. शिवाय या लोकांनी भिंग लावून नंबर टिपून ठेवले नसते, तर कुठल्या साली कुठे काय बनलं याची कितीतरी माहिती भट्टीत वितळून गेली असती. हे ऋण मान्यच करायला हवं.

पण बाजाराकडे पाहा. एसएसची खूण असलेल्या बंदुकीला जास्त भाव येतो. इतका, की खोट्या खुणा ठोकून विकणारेही आहेत. खोट्या नोटा लहान रकमेच्या कुणी छापत नाही. माणसांनी ज्याचा सर्वाधिक धसका घेतला, त्याच चिन्हाला सर्वाधिक मोल मिळत असेल, तर खरेदी फक्त पोलादाची होत नाही. त्या दहशतीचा एक तुकडा घरी ठेवण्याचे पैसे मोजले जातात. 'मला फक्त इंजिनिअरिंग आवडतं' हे वाक्य इथे अडखळतं, कारण इंजिनिअरिंग तर साध्या ठशाच्या बंदुकीतही तेच असतं.

मग खुणा पुसून टाकायच्या? युद्धानंतर युगोस्लाव्हियाने हाती आलेल्या के-९८ दुरुस्त करताना जर्मन खुणा घासून काढल्या आणि आपलं राजचिन्ह उमटवलं. ज्या देशाने नाझींचा ताबा सोसला, त्याला तो हक्क होता. इस्राएलकडे १९४८ च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियातून अशाच रायफली आल्या. त्यांतल्या काहींवर नाझी चिन्ह तसंच राहिलं आणि शेजारी सहा टोकांचा तारा उमटला. मला हा दुसरा प्रकार जास्त खरा वाटतो. आधीचं वाक्य खोडलं नाही, पण त्याला शेवटचं वाक्यही होऊ दिलं नाही.

आज नवा ठसा कुणी ठोकू नये. ती खोटेपणाचीच भर होईल. पण संग्राहक प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवतोच: संकेत, साल, क्रमांक, तपासनीस. त्यात आणखी एक ओळ बसते: त्या वर्षी त्या कारखान्यात कोण आणि कसं राबत होतं. ज्याला बारीकशा स्क्रूवरचा आकडा वाचता येतो, त्याला एवढं शोधणं जड नाही.

ती ओळ लिहिल्यावर बंदूक भिंतीवर लावावीशी वाटते का, हे ज्याचं त्याने पाहावं. ती ओळ लिहायचीच नाही, असं मात्र ठरवलं, तर आपण अजूनही त्या तपासनिसाचंच काम करतो आहोत. भाग निर्दोष आहे ना, मग पुढे पाठवा.