नोंद नाही, म्हणून घडले नाही काय?

ज्या गोष्टीची नोंद सापडत नाही ती घडलीच नाही, असे मानण्याचा अधिकार मनुष्यास आहे काय? प्रश्न न्यायशास्त्राचा वाटेल. परंतु परभणी जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेत तो अगदी साध्या रूपाने आमच्यापुढे उभा राहिला, आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

संस्थेचा मुख्य संगणक एका रविवारी बंद पडला. सुदैवाने दप्तराची प्रत दूरच्या साठवणकेंद्रात, ज्यास हल्ली ‘क्लाऊड’ म्हणतात तेथे, ठेविलेली होती. ठराविक वेळी संगणक आपल्या साऱ्या दप्तराची त्या क्षणीची स्थिती पक्की करून ठेवितो. तीस ‘स्नॅपशॉट’ असे नाव आहे. पहिली संपूर्ण प्रत फार अवजड असते. १० टेराबाइट मजकूर सेकंदास २० मेगाबिट या वेगाने तारेतून धाडावयाचा म्हटल्यास सुमारे ४६ दिवस लागतील. म्हणून ती प्रत डिस्कवर उतरवून केंद्राकडे प्रत्यक्ष पोचवितात. हे जणू बियाणे होय. पुढे केवळ रोजचे फेरफार तारेने जातात, आणि संकट आले म्हणजे तीच प्रत उलट वाटेने घरी येते.

प्रत आली, पण ती शुक्रवारच्या रात्रीची. शनिवार हा परीक्षेचे अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस होता, आणि त्या दिवसाचे एकही नाव तीत नव्हते. ज्यांच्याजवळ पावत्या होत्या त्यांचे काम भागले. एका शेतकऱ्याच्या मुलाची पावती मात्र हरवली होती. अर्ज भरल्याचे तो कळवळून सांगे. कारकुनासही त्याचा चेहरा आठवत होता. नोंद न झाल्यास वर्ष बुडणार होते.

कोणी म्हणाले, यंत्रात नाव नाही, तेव्हा अर्ज आलाच नाही. दुसऱ्या एका दयाळू गृहस्थांनी सुचविले की, नाव गुपचूप घालून टाकावे. कोणास कळणार आहे? आमच्या मते हे दोन्ही मार्ग सारखेच असत्य होत. पहिला घडलेले पुसतो. दुसरा आठवणीस नोंदीचा खोटा वेष चढवितो.

अशा प्रसंगी आम्हांस लीळाचरित्राचे स्मरण झाले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकिल्या, त्यांना गाठून, विचारून एकत्र केल्या. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. आणि शिष्यांनी ती स्मरणाने पुन्हा उभी केली. स्मरण म्हटले की भेद आलाच. पण तो त्यांनी दडविला नाही. हिराइसेची आठवण निराळी असेल तर ती ‘वासना’ म्हणून तिच्या नावानिशी पोथीत लिहिली. हरवलेले परत आणताना कोणाच्या भरवशावर आणले, हे सांगणे त्यांनी आपले कर्तव्य मानिले.

कोणी विचारील, असा विश्वास टाकू लागल्यास लबाडांचे फावणार नाही काय? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच साक्ष तपासली पाहिजे. कारकुनास, सोबत्यांस विचारले पाहिजे. पण एवढे करूनही संशय उरल्यास त्याचा भार कोणी वाहावा? शनिवारची प्रत घेतली गेली नाही, हा दोष संस्थेचा. आपल्या हलगर्जीपणाने पडलेले भगदाड बुजविण्याचा पुरावा त्यात पडलेल्याकडे मागणे, हा न्याय नव्हे. प्रसंगी एखादा लबाड सुटेल. परंतु निरपराध्याचे वर्ष बुडविण्यापेक्षा ते नुकसान आम्हांस पत्करण्याजोगे वाटते.

शेवटी त्या मुलाचे नाव दप्तरात चढले. पुढे शेरा लिहिला गेला, ‘कारकुनाच्या स्मरणावरून’, आणि खाली कारकुनाची सही. पुढील स्नॅपशॉटमध्ये तो शेराही गेला असेल. यंत्र त्याचा अर्थ जाणणार नाही. पण उद्या ते दप्तर उघडणाऱ्यास कळेल की, या एका ओळीपुरता यंत्राने नव्हे, एका माणसाने दुसऱ्याचा जामीन घेतला होता.