न दचकता पाहणं

माझं लक्ष कुठे जातं, हे कोण ठरवतं? मी, की माझ्या मेंदूतली रसायनं? मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचे दोर ओढले जात असतात, तेव्हा हा प्रश्न मला टाळता येत नाही. जाळ्यात तारली-बांगड्याची रास असेल किंवा मूठभर मासळी. जाळं वाळूला लागेपर्यंत कळायचं नाही, आणि तोवर माझी नजर पाण्यावरून हलत नाही.

२००३ साली फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ या संशोधकांना माकडांच्या मेंदूत याचं एक संभाव्य कारण सापडलं. खूण दिसल्यापासून बक्षिसाच्या क्षणापर्यंत डोपामाइन पेशींची सक्रियता चढत जाते, आणि बक्षिसाची शक्यता निम्मी असते तेव्हा ती सर्वांत जास्त चढते. मिळणार हे पक्कं असलं, की हा चढ उरत नाही.

२००५ साली अँजेला यू आणि पीटर दयान यांनी आणखी एक विचार मांडला. ओळखीच्या अनिश्चिततेत ॲसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन काम करतं. अंदाजच मोडतो, तेव्हा नॉरॲड्रेनॅलिन मेंदूला नव्याने पाहायला लावतं. रापण भरेल की रिकामी येईल, ही ओळखीची अनिश्चितता. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मात्र मिरगाआधीचे आमचे नेहमीचे आडाखे कामाला आले नाहीत. त्या दिवसांत शेजारच्या प्रत्येक घराच्या छपराकडे माझं लक्ष होतं.

इथेच माझी खरी परीक्षा आहे. जे निम्मं शक्य आहे ते मला ओढतं, जे अचानक येतं ते मला जागं करतं. पण जे हळूहळू आणि नक्की घडतं, त्यासाठी माझ्या मेंदूत कोणती घंटा वाजते? आमच्या समुद्राचंच बघा. यांत्रिक बोटींच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. समुद्रात पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात खटका उडाला, की त्याची बातमी मी अधाशासारखी वाचतो. पारंपरिक मच्छीमाराच्या वाट्याची मासळी कमी होते, बाजारात बसणाऱ्या काकीची टोपली हलकी होते, तेव्हा मी तिथूनच चालत जातो आणि माझी पावलं थांबत नाहीत. तिच्या कमाईतली घट मला चकित करत नाही. म्हणून ती मला दिसतही नाही.

यात रसायनांचा दोष किती? मान वळवणं त्यांच्या हाती असेल, पण वळलेली मान कुठे स्थिर करायची, कोणासमोर बसून कमाईचा हिशेब विचारायचा, हे मी ठरवू शकतो. मेंदूची ही ओढ आता मला माहीत झाली आहे, तेव्हा माझी जबाबदारी कमी न होता वाढली आहे. जी झीज कधी दचकवत नाही, तिच्याकडे रोज मुद्दाम पाहायचं. माझ्या लक्षावर पहिला हक्क तिचा आहे.