भिडूवाचून डाव

१९८७ साली कॅलिफोर्नियातील वर्ल्ड्स ऑफ वंडर या खेळण्यांच्या कंपनीने ‘ॲक्शन मॅक्स’ नावाचे एक यंत्र बाजारात आणले. दोनच वर्षांपूर्वी टेडी रक्स्पिन या बोलत्या अस्वलाने तिला अमाप यश मिळवून दिले होते. आणि घरोघर व्हिडिओ कॅसेट लावण्याची सोय झालीच आहे, तर त्याच कॅसेटवर खेळ विकावेत, ही तिची तजवीज वरकरणी शहाणपणाचीच होती. टीव्हीच्या काचेवर रबरी वाटीने एक छोटा दिवा चिकटवायचा, कॅसेट सुरू करायची आणि पडद्यावर लुकलुकणाऱ्या लक्ष्यावर बंदुकीचा नेम धरायचा. नेम बसला की दिवा लाल चमके आणि शेजारच्या पेटीवर गुणांचा आकडा वाढे.

परंतु फीत ही चित्रीकरणाच्या वेळी ठरलेल्या क्रमानेच सरकते. ‘सॉनिक फ्युरी’ या कॅसेटीतील शत्रूचे विमान पडायचे असेल तर पडे, निसटायचे असेल तर निसटे, मुलाने अचूक वेध घेतला काय किंवा बंदूक खाली ठेवली काय, त्या विमानाच्या प्राक्तनात तिळमात्र फरक पडत नसे. हरणे नाही, म्हणून जिंकणेही नाही; उरे तो केवळ गुणांचा जमाखर्च.

पूर्वनिश्चित असणे हा मुळात दोष नव्हे. रामकथेतले सीताहरण टळावे असे श्रोत्याला दरवेळी मनापासून वाटते, तरी तो जागचा उठत नाही, कारण कथेने त्याला उठायला सांगितलेलेच नसते. या यंत्राने मात्र मुलाच्या हाती बंदूक दिली, म्हणजे ‘तुझ्यावाचून हे घडणार नाही’ असे वचनच दिले, आणि ते पाळण्याचे सामर्थ्य फितीत नव्हते. आपल्या भाषेत खेळगड्याला भिडू म्हणतात, आणि त्या शब्दात मला ‘भिडणे’ ऐकू येते. जे आपल्याला भिडत नाही, त्याच्याशी डाव मांडणार कसा?

त्याच काळी निन्टेन्डोच्या ‘डक हंट’ या खेळात खडबडीत ठिपक्यांची बदके उडत. चित्र म्हणून ती कॅसेटवरच्या खऱ्याखुऱ्या दृश्यांपुढे अगदीच दरिद्री होती. पण गोळी लागलेले बदक खाली पडे, चुकलेले उडून जाई आणि गवतातून एक कुत्रा डोके वर काढून खेळणाऱ्याला हसे. ते हसू मला फार मोलाचे वाटते. आपली चूक कोणाच्या तरी ध्यानात आली, ही खात्री मुलाला त्या हसण्याने मिळे. आणि माझ्या मते खेळणारा अखेर याच खात्रीचा भुकेला असतो.

‘ॲक्शन मॅक्स’साठी अवघ्या पाच कॅसेटी निघाल्या. १९८७ च्या डिसेंबरातच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याची कारणे अनेक होती, आणि सारा दोष या एका यंत्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्या पाचांतली एखादी कॅसेट आज लावली, तर ती बंदुकीवाचूनही शेवटपर्यंत बिनबोभाट चालते. एकूण एक लक्ष्य आपल्या ठरल्या क्षणी येते आणि जाते.