उतारशाळेचा खर्च

शास्त्रभाग : लूक 10:25-37



यरीहोच्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याची गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. याजक आला व गेला, लेवी आला व गेला, शोमरोनी मात्र थांबला. आम्ही उपदेशक लोक बहुधा जखमांवर तेल व द्राक्षारस ओतण्यापर्यंत येतो, त्या मनुष्याला जनावरावर बसवितो आणि तेथेच प्रार्थना करून मोकळे होतो. पस्तिसावे वचन वाचायचे राहून जाते. त्या वचनात दुसरा दिवस उजाडला आहे. जखमी मनुष्य अजून बरा झालेला नाही, आणि शोमरोन्याला तर आपल्या वाटेने जाणे भाग आहे. तेव्हा तो उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन नाणी ठेवितो, ह्याची काळजी घे म्हणतो, आणि अधिक लागेल ते परत येताना देईन असा शब्द देतो. एका नाण्याची किंमत त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे दया दाखवून झाल्यावर राहण्याचा, जेवणाचा व शुश्रूषेचा रोजचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न प्रभूने दृष्टांतातून वगळला नाही.

मला हे वचन उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सभेकरिता मी पिंपरीस गेलो होतो. नाशिक फाट्याच्या पुलाखाली एक तरुण पोत्यावर पडून खोकत होता. सभेला उशीर होत होता, म्हणून मी पलीकडच्या बाजूने गेलो. (हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे.) सायंकाळी परत येताना त्यानेच मला ओळखले व "पाळकसाहेब" म्हणून हाक मारली. तो माझ्या शेजारच्या मंडळीतला मुलगा निघाला. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी मी तेथे हजर होतो.

चाकणकडे एका कंत्राटदाराच्या हाताखाली तो कामास होता. आठ जण एका खोलीत राहत. खोकल्यातून रक्त पडू लागले तेव्हा क्षयरोग असल्याचे निदान झाले. औषधही सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाले. पण खोलीतील सोबत्यांनी भीतीने त्याला बाहेर काढले, आणि कामावर जाईना म्हणून मजुरी बंद झाली. आईला कळू नये म्हणून तो गावी आला नाही. पुलाखाली औषधाची पिशवी एकदा भिजली, एकदा चोरीस गेली. पोटात अन्न नसताना गोळ्या घेतल्या की ओकारी येई, म्हणून पुढे त्याने त्या सोडून दिल्या.

क्षयाचा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो. योग्य औषध नियमाने सुरू झाले म्हणजे काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मध्येच सोडले तर रोग परततो व कधीकधी औषधालाच जुमानेनासा होतो. रोग्याच्या आहारासाठी सरकार 2018 सालापासून दरमहा 500 रुपये व नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये देते, परंतु ती रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. ज्याला पत्ता नाही, ज्याचे कागद पावसात गेले, त्याचे खाते कोण चालविणार? ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन होऊन देशाला पेनिसिलिन मिळू लागले, त्याच पिंपरीत गोळी हातात असून डोक्यावर छप्पर नाही म्हणून मनुष्य मरावा, हे पाहून मला रात्री झोप येत नसे.

आता कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. होय, आहेच, आणि म्हणूनच सरकारने काय कबूल केले आहे ते आपण जाणून घेतले पाहिजे. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांतून दर एक लाख वस्तीमागे निदान एक निवारागृह, रात्रंदिवस उघडे राहणारे, असावे असा आदेश दिला. 2013 साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले. त्यात बेघरांच्या निवाऱ्याची योजना होती, व म्हातारे, आजारी, मनोरुग्ण अशांसाठी निराळी निवारागृहे काढण्याची मुभाही होती. पिंपरी-चिंचवडची वस्ती 2011 च्या खानेसुमारीप्रमाणे 17 लाख 27 हजार होती. तेव्हाच्याच हिशेबाने सतरा निवारागृहे होतात, आणि त्यानंतर शहर किती वाढले ते तुम्ही डोळ्यांनी पाहतच आहा. महापालिकेचे "सावली" नावाचे निवारा केंद्र पिंपरीत आहे, ते एका सेवाभावी संस्थेच्या हातून चालते, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. पण सतरा हा आकडा विसरू नका.

दुसरा एक आकडा सांगतो. त्या योजनेच्या नियमांत पन्नास माणसांचे निवारागृह चालविण्याचा खर्च वर्षाला 6 लाख रुपये धरला होता, आणि तोही पाच वर्षांपुरता. भागाकार करून पाहा : एका माणसामागे दिवसाला सुमारे 33 रुपये. एवढ्यात झाडलोट होईल, दिवा जळेल, पहारेकऱ्याचा पगार निघेल. रोग्याला वेळेवर गोळी देणारी परिचारिका, त्याच्यासाठी हवेशीर निराळी खोली, पथ्याचे जेवण, दवाखान्यात नेणारा मनुष्य हे कोठून येणार? इमारत उभी राहते, तिच्या उद्घाटनाला पुढारी येतात, फीत कापली जाते. पाच वर्षांनंतरचा खर्च मात्र नगरपालिकेच्या तिजोरीवर येतो, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात दरसाल एक ओळ असावी लागते. शोमरोन्याने उतारशाळा बांधली नव्हती. ती होतीच. त्याने तिचा रोजचा खर्च दिला, आणि पुढच्या खर्चाची हमी दिली.

चाकणच्या बाजूची अडचण आणखी निराळी आहे. महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे ह्या गावांच्या शिवारात व आसपास कारखाने उभे राहिले, मजूर दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आले. परंतु कारभार ग्रामपंचायतीचा. शहरी बेघरांची योजना शहराच्या हद्दीत थांबते. तेव्हा ज्या खोलीत आमची मुले आठ-आठ जण राहतात, त्या खोलीतून बाहेर काढलेला आजारी मनुष्य कोणाच्याच यादीत सापडत नाही. चाकणच्या नगरपरिषदेने व ह्या ग्रामपंचायतींनी मिळून एखादे निवारागृह चालवावे, आणि ज्या कारखानदारांकडून कर येतो त्यांच्या सामाजिक निधीतूनही त्याला हातभार घ्यावा, असे मला वाटते. माझे मत चुकीचे असेल तर ग्रामसभेत उभे राहून कोणीतरी दुसरा मार्ग सुचवावा.

मनाने आजारी असलेल्यांची दशा तर याहून कठीण. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसांना समाजात राहण्याचा हक्क दिला आणि रुग्णालयाची गरज संपल्यावर राहण्यासाठी आधाराची घरे करण्याचे कर्तव्य सरकारवर घातले. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेता न येणारा मनोरुग्ण आढळला तर त्याला संरक्षणाखाली घेणे हे पोलिसांचे कर्तव्य तोच कायदा सांगतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांनी अशा भटक्या रोग्यांना उचलून, बरे करून आपापल्या घरी पोहोचविले. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्याला घरच नाही, किंवा असलेले घर दार उघडीत नाही, त्याने कोठे जावे?

फुकटचे मिळाले की लोक आळशी होतात, असे आपल्यातही म्हणणारे आहेत. त्यांनी एवढेच आठवावे की मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि पुढे तेथेच वॉनलेसवाडीस क्षयरोग्यांना महिनेमहिने ठेवून घेण्याची सोय झाली. केडगावास पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मुली आणल्या, त्या दोन दिवस जेवू घालून परत पाठविल्या नाहीत. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे अशाच एखाद्या छपराखाली जगले, म्हणून आज आपण उपासनेस बसतो.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावातून जो तरुण पिंपरी-चाकणास जाईल, त्याच्या आधारपत्राची एक प्रत व घरचा दूरध्वनी आपल्या वहीत ठेवा. शहरात आपल्या ओळखीचे कोणी असेल तर त्याला कळवा. शहरातील मंडळ्यांच्या पंचांनी महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाण्याआधी आपल्या नगरसेवकास व आयुक्तास लेखी विचारावे : निवारागृहांसाठी किती रक्कम धरली, त्यांतून रोग्यांसाठी किती, आणि मागील वर्षी किती खर्च झाली? उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा अर्ज करावा. हे राजकारण नव्हे. रक्षकाला पैसे पोहोचले की नाही, ही चौकशी आहे.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही दोन ठिकाणी विचारले. एकीकडे जागा नव्हती, दुसरीकडे क्षयरोगी म्हणून नकार मिळाला. शेवटी मी त्याला आमच्या उपासनामंदिरामागच्या सामानाच्या खोलीत आणून ठेविले. मंडळीत कुरबूर झाली, दोन कुटुंबे काही रविवार आलीच नाहीत. एका म्हाताऱ्या बाईने, जिच्याकडे स्वतःला पुरेसे नसते, रोज संध्याकाळी भाकरी व वरण पाठविले, आणि औषध घेतल्याशिवाय ताट उचलू दिले नाही. सहा महिन्यांनी तो बरा झाला व आता पुन्हा कामास आहे. ती दोन कुटुंबेही परत आली. आता त्या खोलीत दुसरा मनुष्य आहे, पाय मोडलेला, जालन्याकडचा, आपल्या समाजाचा नव्हे. गेल्या आठवड्यात तिसऱ्यासाठी विचारणा झाली. खोली एकच आहे.